गावचं कार्ड कापायची घाई करू नका

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून आटोपशीर करून देते.

"ताई, मी दोन घरी पोळी-भाजीची कामं करते. दोन्ही मिळून महिन्याला साडेचार हजार होतात. मिस्टर भोसरीकडे एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. आषाढात उजव्या हाताचा अंगठा प्रेसमध्ये सापडला, निम्मा गेला. तेव्हापासून घरीच आहेत. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. शेजारच्या बाईंना रेशनवर फुकट धान्य मिळतं, तेही केशरी कार्डावर. आमचं इथं कार्डच नाही. मिस्टरांचं नाव गावी सासूबाईंच्या कार्डात आहे, बीड जिल्ह्यात. तिथं सासू, सासरे, दीर आणि मिस्टर अशी चार नावं आहेत. माझं नाव अजून माहेरच्या कार्डात, परभणीकडे. मुलांची नावं कुठंच नाहीत. इथला एक एजंट म्हणतो, गावाहून नाव कमी केल्याचा दाखला आणा, चाळीस हजार उत्पन्नाचा दाखला मी काढून देतो, चार हजारांत बारा अंकी कार्ड हातात देतो. पैसे उसने मिळतील. पण मिस्टर म्हणतात, आपण काय भिकारी आहोत का रेशनच्या लायनीत उभं राहायला? काय करू?"

ताई,

एजंटला पैसे देऊ नका आणि गावच्या कार्डातून मिस्टरांचं नाव कमी करू नका. बाकी सगळं सावकाश सांगते, पण कामाची वेळ झाली म्हणून तुम्ही पत्र इथंच ठेवून उठलात, तरी एवढं लक्षात असू द्या. नाव कापणं एका दिवसाचं काम आहे. पुन्हा लावताना चपला झिजतात.

आधी शेजारणीच्या केशरी कार्डाचं कोडं सोडवू, कारण त्यातच निम्मा महाराष्ट्र अडकलेला असतो. कार्डाचे तीन रंग १९९९ साली आले. पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलं तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असलं तर पांढरं. पुढे २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला, आपल्याकडे तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, आणि त्यानं माणसं वेगळ्याच चाळणीतून चाळली. अंत्योदय म्हणजे सगळ्यांत गरीब घरं. त्यांना माणसं कितीही असोत, घराला महिना ३५ किलो. आणि प्राधान्य कुटुंब. त्यांना माणशी ५ किलो. या दोन्हींत नसलेले, ते बिगर प्राधान्य. त्यामुळे केशरी कार्ड प्राधान्य गटातलंही असतं आणि बिगर प्राधान्य गटातलंही. दोघींचं कार्ड दिसायला सारखंच. एकीला धान्य मिळतं, दुसरीला मिळत नाही, आणि मग दुकानदारानं खाल्लं म्हणून भांडण. दुकानदार खात नाहीतच असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

तेव्हा सासूबाईंना किंवा दिरांना फोन करून तुम्हाला रंग विचारायचा नाही. कार्डावर "प्राधान्य कुटुंब" असा शिक्का आहे का, ते विचारा. शिक्का पुसट झाला असेल तर फोनवर "मेरा राशन" ॲप घ्या, त्यातही योजना दिसते. एएवाय म्हणजे अंत्योदय, पीएचएच म्हणजे प्राधान्य, एनपीएच म्हणजे बिगर प्राधान्य. आणि हो, एजंट ज्याचा एवढा बडेजाव करतोय तो बारा अंकी नंबर म्हणजे फक्त कार्ड ऑनलाइन नोंदलं गेल्याची खूण. बिगर प्राधान्य कार्डालाही तो असतो. बारा अंक पडले म्हणून पिशवीत धान्य पडत नाही.

आता गावचं कार्ड कापू नका असं का म्हणते, ते. धान्य किती लोकांना द्यायचं याचा आकडा ठरलेला आहे. त्याला पुरवठा खात्यात इष्टांक म्हणतात. तहसीलला गेलात तर हा शब्द चहाच्या कपांइतक्या वेळा ऐकू येईल. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी माणसांचा आहे, तोही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यात गावाकडची ७६.३२ टक्के लोकसंख्या बसते आणि शहरातली फक्त ४५.३४ टक्के. म्हणजे प्राधान्य गटात जागा मिळायची शक्यता गावी जास्त, पुण्यात कमी. तुम्ही गावची जागा सोडून पुण्यात नवं कार्ड काढलंत तर कार्ड मिळेल, बारा अंकही पडतील, पण इष्टांक शिल्लक नाही म्हणून ते बिगर प्राधान्यात जाऊन बसेल. असं झालेली घरं मी पाहिलीत. हातात कोरं करकरीत कार्ड, आणि धान्य शून्य. एजंट तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो, आणि त्यानं कबूल केलं होतं ते "कार्ड", ते तर त्यानं दिलेलंच असतं.

मग पुण्यात धान्य कसं मिळायचं? गावच्याच कार्डावर. "एक देश एक रेशन कार्ड" ही नुसती भिंतीवरची जाहिरात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांपासून ते सुरू झालं आणि २०२२ पर्यंत सगळ्या देशात लागू झालं. बीडच्या कार्डावरचा माणूस पुण्यातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात उभा राहून आपला वाटा उचलू शकतो. सगळा कोटा एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही. काही इथं, उरलेलं गावी, असं चालतं. यासाठी पुण्याचा पत्त्याचा पुरावा लागत नाही, भाडेकरार लागत नाही, घरमालकाची संमती लागत नाही. भाड्यानं राहणाऱ्या बाईला यातलं शेवटचं किती मोलाचं आहे हे मी वेगळं सांगायला नको. रेशन कार्डावर पत्ता लागला की भाडेकरू खोली बळकावेल, अशी धास्ती घेतलेले मालक गल्लोगल्ली आहेत. कार्डाचा नंबर पाठ हवा, आणि कार्डात नाव असलेल्या माणसाचा अंगठा हवा.

आणि इथंच तुमचं घोडं अडतं. पुण्यात राहणाऱ्या तुम्हा चौघांपैकी त्या कार्डात एकाचंच नाव आहे, आणि त्याचाच अंगठा गेलेला.

याला उपाय आहे. दुकानातलं बोट घेणारं मशिन, म्हणजे पॉस मशिन, अंगठ्यावर अडत नाही. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात आणि पॉस मशिनवर त्यातलं कुठलंही चालतं. पण दुकानदाराला सवयीनं उजवा अंगठाच दिसतो. मिस्टरांनी डाव्या हाताची मधली तीन बोटं एकामागून एक लावून बघावीत. गेल्या वर्षी आमच्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशींबरोबर मी दुकानात गेले होते. साबणानं त्यांच्या बोटांवरच्या रेषाच उडाल्यात. अंगठा चार वेळा नापास झाला. दुकानदार म्हणाला, "मावशी, उद्या या." मागं उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी पुढं येऊन मावशींची करंगळीशेजारची बोटं पदरानं कोरडी पुसली, आपल्याच केसांवरून दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "हं, आता हे लाव." लागलं! तेलकट केसांवरून बोट फिरवणं हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही, पण रेशनच्या रांगेत आपलं शास्त्र असतंच. बोटं कुठलीच लागली नाहीत तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवरही. बोट लागत नाही एवढ्याच कारणावरून कार्डधारकाला धान्य नाकारायचं नाही, अशा केंद्राच्या स्पष्ट सूचना आहेत. दुकानदार "उद्या या" म्हणाला तर हे शांतपणे सांगा.

बोटांचं गाडं आणखी एका ठिकाणी अडलं असायची मला दाट शंका आहे. कार्डातल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची खातरजमा, व्हायला हवी, आणि ज्याची झाली नाही त्याचा वाटा थांबतो. गावी सासू-सासऱ्यांची, दिरांची दुकानातच झाली असेल. मिस्टर पुण्यात, त्यात हात बांधलेला. त्यांची राहिली असेल. कळायला सोपं आहे. सासूबाईंना विचारा, महिन्याला वीस किलो येतं की पंधरा? चार नावांचं वीस. पंधरा येत असेल तर मिस्टरांचे पाच किलो बंद झालेत आणि ते घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ई-केवायसीसाठी गावी जायची गरज नाही, पुण्यातल्या दुकानातही होते. बोटांचा प्रश्न असल्यामुळे मी तर म्हणेन, "मेरा ई-केवायसी" आणि "आधार फेस आरडी" ही दोन ॲप फोनवर घ्या. त्यात चेहरा दाखवून काम होतं. दिवसाउजेडी, खिडकीकडे तोंड करून. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. जुनं सिम बंद करून टाकलं असेल तर आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या.

हे झालं की मिस्टरांचे पाच किलो पुण्यात सुरू होतील. पाच किलोनं चौघांचं काय होणार, हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर आहे. म्हणून आता तुमचं आणि मुलांचं नाव.

तुमचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून सासूबाईंच्या कार्डात वाढवायचं. इथं नाव कमी करायचं आहेच, फक्त परभणीचं, बीडचं नाही. अर्ज माहेरच्या कार्डावरून होतो, तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या, रेशन कार्डांसाठीच्या आरसीएमएस संकेतस्थळावर "पब्लिक लॉगिन" करून. नाव कमी झाल्याचा दाखला मिळाला की तो, लग्नाचा दाखला आणि तुमचं आधार जोडून बीडच्या कार्डात नाव वाढवायचा अर्ज. मुलांसाठी जन्मदाखला आणि आधार. हा दुसरा अर्ज सासूबाईंच्या कार्डावरून दीरही फोनवर करू शकतील. नवीन नावांनाही इष्टांकात जागा असावी लागते, त्यामुळे मंजुरी लगेच होईलच असं नाही. पण चालू असलेल्या प्राधान्य कार्डात तीन नावं वाढवणं आणि पुण्यात नव्यानं आख्खं प्राधान्य कुटुंब उभं करणं, यांत पहिलं कितीतरी सोपं.

तुमच्या मुलीचं एक काम मात्र आधी करून घ्या. लहानपणी काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाली की ते नव्यानं घ्यावे लागतात, आणि ते झाल्याशिवाय तिची ई-केवायसी होणार नाही. ती सातची आहे. धाकट्याचं अजून वर्षभरानं.

हे सगळं जमलं तर गावच्या कार्डावर सात नावं होतील, ३५ किलो. त्यातले तुम्हा चौघांचे २० पुण्यात, तिघांचे १५ गावी. चार वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाइतकेच पाच किलो, कायदा वय बघत नाही. आणि एकही रुपया द्यायचा नाही. पूर्वी तांदळाला किलोमागे तीन आणि गव्हाला दोन रुपये पडायचे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं तसंच चालू ठेवायचं ठरलंय. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण अधूनमधून बदलतं, कधी ज्वारीही येते. एकूण किलो बदलत नाहीत. वीस किलोचे तुमच्या वाण्याकडे किती होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता एक नाजूक गोष्ट. तुमचं नाव माहेरच्या कार्डात इतकी वर्षं आहे, म्हणजे तुमच्या वाट्याचे पाच किलो आईच्या घरी जातायत. नाव काढलंत की ते तिथून कमी होणार. हे आईला तुम्ही स्वतः सांगा, दुकानदाराकडून कळू देऊ नका. पण त्याआधी माहेरचं कार्ड अंत्योदय आहे का ते बघा. असेल तर तुम्हाला चुटपुट लागायचं कारणच नाही: तिथं घराला ३५ किलो असतात, तुमचं नाव निघालं तरी दाणा कमी होत नाही. तसंच सासूबाईंचं. मिस्टरांनी पुण्यात पाच किलो उचलले की गावच्या मशिनवर पाच कमी दिसणार. आधी फोन करा, मग उचला. पहिल्याच महिन्यात सासूबाई रांगेत उभ्या असताना हा धक्का बसला, तर पुढच्या दिवाळीला तो विषय निघेल.

आणि सासूबाईंचं कार्ड प्राधान्य नसून बिगर प्राधान्यातलं निघालं तर? बीड, परभणी धरून छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागांचे सगळे जिल्हे आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांची एक वेगळी भानगड आहे. त्यांना पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं, नंतर ते १७० झाले. कार्ड या प्रकारचं असेल तर पुण्यात धान्य उचलता येणार नाही, पैसे मात्र येत असले पाहिजेत. तेव्हा मला पुन्हा लिहा, वाट वेगळी आहे.

एजंटच्या चाळीस हजारांच्या दाखल्याबद्दल. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावी ४४,००० रुपये आहे. एका माणसाचं नाही, आख्ख्या घराचं उत्पन्न. पुण्यात महिन्याला पाच हजारही कमवत नाही असं कुटुंब भाड्याच्या खोलीत कसं जगेल, हे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनीच सांगावं. कायदा लागू होताना ठरलेली ही रेघ आहे, आणि मधल्या काळात तेलाच्या डब्यापासून गॅसपर्यंत सगळं कुठल्या कुठं गेलं. या रेघेपायीच लोक खोटे दाखले काढतात, मला त्यांचा राग येत नाही. पण तुम्ही काढू नका. तुमची आजची मिळकत वर्षाला ५४,००० होते, पण उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि तेव्हा मिस्टर कामावर होते. उद्या पडताळणी झाली, तर सही तुमची असेल, एजंटची नाही. कार्ड रद्द होतं, उचललेल्या धान्याची वसुली लागू शकते. अपात्र कार्डांची शोधमोहीम अधूनमधून निघते, तेव्हा गावी फॉर्म येईल. त्यातही जे आहे तेच लिहा आणि तो फॉर्म भरून परत जातोय ना, एवढं दिरांना बघायला सांगा. बरीच कार्डं खोट्या माहितीनं नाही, न भरलेल्या फॉर्मनं बंद पडतात. "तुम्ही पुण्याला असता, नाव कमी करतो" असं गावात कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पोटासाठी बाहेर गेलेला माणूस अपात्र होत नाही, त्याच्यासाठीच तर ही सोय केली.

आणि चार हजार! तुमच्या महिन्याच्या कष्टातले पाचशे सोडले तर सगळेच. या कामाला हजारांत जाणारं कुठलंही सरकारी शुल्क नाही, ई-शिधापत्रिका तर संकेतस्थळावरून आपल्या हातानं उतरवून घेता येते. अर्ज करता येत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात जा, तिथं दर भिंतीवर लावलेला असतो. एजंटला आधारची झेरॉक्स दिली असेल तर असू द्या, पण ओटीपी फोनवर मागितला तर देऊ नका.

मिस्टरांचं बोलणं मनाला लागलंय तुमच्या, पत्रात ते शेवटी लिहिलंत तरी मला दिसलं. त्यांच्यावर रागावू नका. ज्याचा हात चालत होता त्याचा अंगठा जातो, बायकोच्या साडेचार हजारांवर घर चालतं, आणि वर रांगेत उभं राहायचं. ते "भिकारी" म्हणाले ते रेशनला नाही. पण रेशनच्या रांगेची लाज ही अलीकडची आहे, हे त्यांना सांगा. मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झालं तेव्हा रांगेत गिरणी कामगार होता तसा गिरगावातला कारकूनही होता. आमच्या लहानपणी साखर, पामतेल, रॉकेल यांसाठी मास्तर, तलाठी, पोस्टमन सगळ्यांच्या पिशव्या रांगेत असत. पिशवी ठेवून माणूस घरी जाऊन जेवून यायचा. १९७२ च्या दुष्काळात मिळालेली तांबडी मिलो ज्वारी आमच्या आईनं नाक मुरडत का होईना, भाजली. भाकरी थापताना तुटायची म्हणून ती मिलोच्या नावानं बोटं मोडायची, रांगेच्या नाही. त्याच सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागं मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर रास्त भावात मिळालंच पाहिजे, ही त्यांची मागणी होती, विनंती नव्हती. मधल्या काळात बरी परिस्थिती असलेल्यांनी रांग सोडली, आणि मग उरलेल्यांकडे नाक वर करून बघायला लागले. तुम्ही ज्या घरांत पोळ्या करता, तिथल्या आजींना विचारा त्यांचं रेशन दुकान कुठं होतं. नंबरासकट सांगतील.

आणखी एक, मिस्टरांना सांगा किंवा नका सांगू: कायद्यानं रेशन कार्डाची कुटुंबप्रमुख घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई असते. सासूबाईंच्या कार्डावर सासूबाई. पुढं कधी पुण्यात तुमचं वेगळं कार्ड झालं, तर त्यावर तुम्ही.

वेगळ्या कार्डाचा विचार करायला हरकत नाही, पण इथं पक्का पत्ता झाल्यावर, आणि पुण्याच्या परिमंडळ कार्यालयात, म्हणजे शहरातल्या रेशनच्या कचेरीत, इष्टांक शिल्लक आहे का हे आधी विचारून. तोवर गावची जागा धरून ठेवा. ती धरून ठेवायची म्हणजे वापरायची. २०२५ च्या जुलैमधल्या दुरुस्तीनं सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद ठेवायचा नियम आलाय. त्या त्या महिन्याचं त्या त्या महिन्यात उचला.

धाकट्याला अंगणवाडीत घातलं नसेल तर घाला, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं गरम आहार असतो आणि त्याला रेशन कार्ड लागत नाही. मुलीला महापालिकेच्या शाळेत दुपारचं जेवण मिळतच असेल. मिस्टरांच्या अपघाताच्या भरपाईचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कामावर असताना अंगठा गेलाय, तो वेगळा हक्क आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं का, पगार हातात मिळायचा की बँकेत, एवढं लिहून कळवा.

आता दुकान. घराजवळचं गाठा, पण दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर बावरून जाऊ नका. त्याला माल त्याच्याकडे नोंदलेल्या कार्डांच्या हिशेबानं येतो, म्हणून तो परक्या गिऱ्हाइकाला नाखूश असतो. तुमच्या धान्यावरही त्याला कमिशन मिळतंच. महिन्याच्या अखेरीला जाऊ नका, माल आला की लगेच जा. तरी नाहीच म्हणाला तर दुसरं दुकान, आणि दुकानाचा नंबर टिपून १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार. दुसऱ्या गावच्या कार्डासाठी १४४४५ हा वेगळा नंबरही आहे. त्यापुढं जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. तिथवर जायची पाळी सहसा येत नाही, पण आयोगाचं नाव घेतलं की दुकानातला आवाज जरा खाली येतो, हा माझा अनुभव.

बोट लागलं की मशिनमधून पावती निघते. ती मागून घ्या. पावतीवर किती किलो लिहिलंय ते आधी वाचा, मग पिशवी काट्यावर ठेवू द्या. बोट घेतलं आणि "माल उद्या" म्हणाला तर त्याच दिवशी फोन करा, कारण मशिनच्या लेखी तुम्ही धान्य घेऊन गेलात. कुठल्या महिन्यात कुठल्या दुकानात किती उचललं, हे महाईपॉसच्या संकेतस्थळावर बारा अंकी नंबर टाकून दिसतं. मुलीला वाचायला येत असेल तर तिच्याकडून दर महिन्याला एकदा बघून घ्या.

पहिल्या खेपेला मिस्टर बरोबर लागतीलच, बोट त्यांचं आहे. सकाळी तुमची कामं आटोपून अकराच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी ओसरते. कार्डाची झेरॉक्स, दोघांची आधार कार्डं आणि दोन पिशव्या न्या, गव्हाची वेगळी, तांदळाची वेगळी. दुकानात पिशवी मिळत नाही.